मावशींची चालती रांग: महिन्याला साडेतीनशेत काय मिळतं

आधी पैशाचं बोलते, कारण आमच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई पहिल्यांदा तेच विचारते. शाळेला चालत नेऊन परत आणायचे एका मुलाचे महिन्याला ३५० रुपये. त्याच घरातलं दुसरं मूल असेल तर त्याचे २५०. मोठ्या मुलांची सायकलची वेगळी तुकडी आहे, तिचे २००. वर्दीची रिक्षा बेळगावातल्या आमच्या अनगोळातून टिळकवाडीकडच्या शाळेला हजाराच्या खाली बोलायलाच तयार नाही, आणि हजार देऊन मूल बसणार कुठं, तर ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून, दप्तर बाहेर लोंबकळत.

आता सेवा कसली ते. आमच्या वरच्या गल्लीत एक मावशी राहतात. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरीच असतात. त्या आणि त्यांची सून मिळून गल्लीतल्या मुलांना चालत शाळेत नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. घरोघर जात नाहीत. ठरलेल्या चार जागा आहेत: मारुतीच्या देवळाचा कट्टा, आमची गिरणी, दूध डेअरी, आणि मेन रोडच्या तोंडाचं सायकल दुकान. प्रत्येक जागेची वेळ ठरलेली. गिरणीला ९ वाजून १० मिनिटं. मूल नसेल तर दोन मिनिटं थांबतात आणि निघतात. पहिल्याच आठवड्यात एका आईने यावरून दंगा केला. मावशी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या एकट्यासाठी बाकीच्यांची प्रार्थना चुकवू काय?" त्या बाईंचं मूल आता सगळ्यांच्या आधी कट्ट्यावर येऊन बसतं.

हे नवीन फॅड आहे, चार दिवस चालेल, असं आमच्या शेजाऱ्यांचं मत होतं. माझ्या मुलीने फोनवर शोधून दाखवलं की ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात डेव्हिड एंगविक्ट नावाच्या माणसाने अशी 'चालती बस' सुचवली होती, आणि इंग्लंड, न्यूझीलंडमध्ये शाळाशाळांनी ती उचलली. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असेल. आम्ही अंगणवाडीत पोरं अशीच नेत होतो की."

माझा धाकटा मुलगा दुसरीत आहे, तो मावशींच्या रांगेत दोरी धरून जातो. निळी नायलॉनची दोरी, आणि तिला हातभर अंतरावर साडीच्या काठाच्या पट्ट्यांचे फास शिवलेले. वडगावला मावशींच्या माहेरी माग आहेत, तिथलं उरलेलं कापड. नायलॉनने लहान मुलांची बोटं कापतात म्हणून कापड. मूल मनगट फासात घालत नाही, मुठीत धरतं. पडलंच कुणी तर ओढलं जाऊ नये म्हणून. हे मला विचारल्यावर कळलं, आणि तिथंच मी मनात पैसे देऊन टाकले. ज्या बाईने एवढा विचार केलाय, तिच्या हाती मूल द्यायला हरकत नाही.

रांग रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. यावर गल्लीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी मावशींना डावी-उजवी शिकवायचा प्रयत्न केला. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजवीकडूनच चालायचं असतं, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते, पाठीत येत नाही. डावी बाजू गाड्यांची. जाणती माणसं अजूनही मान हलवतात, पण बोलत नाहीत.

सगळे पैसे खरं तर मेन रोड ओलांडायचे आहेत. बाकी गल्लीतून मूल एकटंही जाईल. मेन रोडला अडचण अशी की चौथं रेल्वे गेट पडलं की दोन्हीकडे गाड्या तुंबतात, उद्यमबागच्या कारखान्यांच्या शिफ्टची माणसं, भाजीचे टेम्पो, बस, सगळेच. गेट उघडलं की हा सगळा लोंढा एकदम सुटतो आणि प्रत्येकाला गेटपाशी गेलेली पाच मिनिटं आमच्या गल्लीच्या तोंडाशी वसूल करायची असतात. मावशी या लोंढ्याच्या वाटेला जात नाहीत. इंजिनची शिटी ऐकू आली की रांग सायकल दुकानाच्या पायरीशी उभी. पुढचा जथा निघून गेला, रस्ता जरा विरळ झाला, की मगच पाटी वर.

पाटी म्हणजे प्लायवूडचा गोल तुकडा, लाल रंगवलेला, कडेने रेडियमची पट्टी. एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये तेच. अंगात पोपटी जॅकेट, गळ्यात शिट्टी. पण पाटीपेक्षा त्यांची उभं राहायची पद्धत बघण्यासारखी आहे. पहिली गाडी थांबली म्हणून त्या मुलांना बोलवत नाहीत. थांबलेल्या बसच्या पुढून दोन पावलं आणखी आत जातात, बसच्या पलीकडच्या कडेपर्यंत, आणि तिथं पाटी आडवी धरतात. कारण थांबलेल्या बसच्या आडून जी स्कूटर सूं करून पुढं येते, तिला बसच्या पुढचं मूल दिसत नाही आणि मुलाला ती दिसत नाही. मग मधोमध उभं राहून पलीकडची बाजू अडवायची, सुनेकडे बघून शिट्टी, आणि तेव्हा कुठं दोरी हलते. ओलांडताना पळायचं नाही. पळालं की पडतं, आणि रस्त्यात पडलेलं मूल उचलायला दुसरं मूल वाकतं. शिट्टीला न जुमानता एखादा पुढं घुसलाच तर मावशींच्या तोंडून जे निघतं ते मराठीतही असतं आणि कन्नडमध्येही, दोन्ही इथं लिहिण्यासारखं नाही.

माझा धाकटा भाऊ रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर आहे. तो एकदा हे सगळं बघत गिरणीच्या दारात उभा होता. म्हणाला, "आक्का, तुमच्या मावशी बरोबर करतात, पण गाडीचा वेग त्यांच्या हातात नाही." आणि दळणाचे हिशेब लिहायच्या पाटीवर खडूने मांडून दाखवलं. ताशी ३० ने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरच्या वर जाते, ५० ने जाणारी जवळपास १४. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चांगल्या ड्रायव्हरचाही एक सेकंद जातो. म्हणजे कोरड्या रस्त्यावर ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण उभी राहते, आणि ५० च्या गाडीचा त्याच जागी ब्रेक नुकता लागायला लागतो. पुढचे आणखी तेवढेच मीटर ती घसरत जाते. मी ते आकडे दोन दिवस पुसले नाहीत. दळणाला आलेल्या एका टेम्पोवाल्याने वाचले, काही बोलला नाही, पिशवी घेऊन गेला. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली. जिथं माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर येतात तिथं ३० च्या वर जायचं नाही, असं तिच्या जाहीरनाम्यात आहे. आमच्या मेन रोडला ३० ने जाणारी एकच गोष्ट, म्हणजे गवळ्याची जुनी एम-एटी.

वेग कमी कसा करायचा याचं उत्तर आम्हाला दरवर्षी भाद्रपदात मिळतं. गणपतीचा मांडव पडला की अर्धा रस्ता जातो, उरलेल्या अर्ध्यातून दोन गाड्या एकमेकींना घासत जातात, आणि कुणी न सांगता सगळे सावकाश. त्या दिवसांत मावशींना पाटी उचलावी लागते ती नावाला. गणपती गेले, मांडवाचे खड्डे बुजवले, की दुसऱ्या दिवसापासून परत सूं. भाऊ म्हणतो, याला शास्त्र आहे. रस्ता रुंद दिसला की पाय आपोआप दाबला जातो, अरुंद दिसला की सुटतो. शाळेजवळ रस्ता मुद्दाम चिंचोळा करतात, कोपऱ्यावर फूटपाथ पुढं काढतात, झेब्रा पट्ट्यांची जागा फूटपाथच्या उंचीला उचलून घेतात, म्हणजे मूल खाली उतरत नाही, गाडीच वर चढते. आमच्याकडे मात्र जो तो रस्ता रुंद करा म्हणून अर्ज देतो.

आणि गतिरोधक! आमच्या गल्लीच्या तोंडाला लोकांनीच वर्गणी काढून एक घातलाय. सिमेंटचा, वीतभर रुंद, उभा कठडा. त्यावरून गरोदर बाईला रिक्षातून न्यायची सोय नाही. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच, हलक्या गोलाईचा असतो, ताशी २५ ने गाडी न आदळता जावी म्हणून. म्हणजे जवळजवळ खाटेच्या दुप्पट लांबीचा. आमचा बघून भाऊ हसायचा तेवढा हसला. पण खरा घोटाळा उंचीचा नाही. कठडा गटारीपर्यंत नेलेला नाही, कडेला दोन-अडीच फूट मोकळे सोडलेत पाणी जायला. सगळ्या दुचाक्या कठडा चुकवून त्या मोकळ्या पट्टीतून जातात, आणि पोरं चालतात ती नेमकी तिथूनच. मावशींनी तिथं रंगाचे दोन रिकामे डबे माती भरून ठेवले, त्यात तुळस लावली. तुळशीवरून गाडी कोण घालणार! पहिली तुळस चोरीला गेली. डबे मात्र शाबूत आहेत, आणि दुचाक्या आता कठड्यावरूनच जातात, शिव्या देत.

मुलगी आठवीत आहे, ती सायकलच्या तुकडीत. कर्नाटकात २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना सायकल द्यायची योजना सुरू झाली. माझ्या धाकट्या बहिणीला तेव्हा मिळालेली सायकल अजून तिच्या सासरी शेतावर चालते. आठवीच्या मुलीला दोरी धरायला सांगणं शक्य नाही, म्हणून मावशींच्या भाच्याने, तो कॉलेजात आहे, ही तुकडी काढली. पुढं तो, मागं दहावीतली एक दांडगी मुलगी, मध्ये बाकीचे, एकामागं एक.

या तुकडीला मी दोरीइतके गुण देणार नाही. पोरगा चांगला आहे, पण त्याला घाई असते. सिग्नलला पुढचे निघून जातात, मागचे राहतात, मग पुढच्यांना गाठायला पेडल जोरात मारतात, आणि सायकलवर घाई म्हणजे काय ते सांगायला नको. सांगितल्यावर सुधारला, आता सिग्नलच्या पलीकडे बँकेच्या दाराशी सगळे थांबतात. ऊसाचा हंगाम लागला की खानापूर रोडला दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर येतात, वर गाणी मोठ्याने लावलेली. मागचा ट्रेलर वळणावर किती आत येतो हे त्या ट्रॅक्टरवाल्यालाही दिसत नसेल. त्या महिन्यांत भाचा मुलांना आतल्या गल्ल्यांतून फिरवून नेतो. लांब पडतं, मुलं कुरकुरतात, मला मात्र पटलं. ही अक्कल दुसऱ्या कुणी शिकवलेली नाही, त्याची स्वतःची आहे.

त्याची दुसरी एक गोष्ट आवडली. गटारीवरच्या लोखंडी जाळ्या तुम्ही बघितल्या असतील. काही ठिकाणी त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने लांबट बसवलेल्या असतात, मध्ये बोटभराची फट. सायकलचं चाक त्या फटीत बरोब्बर बसतं. चाक अडकलं की सायकल जागेवर आणि मूल हँडलवरून पुढं. मोटारसायकलच्या जाड चाकाला त्याचं काहीच वाटत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. जाळी फिरवून पट्ट्या आडव्या केल्या की काम झालं. भाऊ म्हणतो पहार असलेली दोन माणसं अर्ध्या तासात करतील, जाळी चौकोनी असली तर. भाच्याने जूनच्या आधी सगळ्या वाटेवर फिरून अशा जाळ्या शोधल्या आणि प्रत्येकीच्या अलीकडे पांढऱ्या ऑइलपेंटने भला मोठा बाण काढला. आधी चुन्याने काढले होते, पहिल्या वळवात धुऊन गेले. आता दोन जाळ्या कुणीतरी खरंच फिरवल्यात. कुणी, कुणास ठाऊक.

शनिवारी शाळा सकाळची असते. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी धुकं इतकं की गिरणीतून समोरचं पिंपळाचं झाड दिसत नाही. सायकलच्या मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असला तर असून नसून सारखाच. भाचा निघताना प्रत्येकाचा पुसून घेतो, दप्तरालाही रेडियमची पट्टी लावायला लावतो. हेल्मेट सांगून थकला. आणली एकदोघांनी, बाकीच्यांच्या घरी 'सायकलला कसलं हेल्मेट' हेच. आमच्या मुलीचं आहे, ती रोज घालते, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली की काढते हेही मला माहीत आहे.

शाळेच्या फाटकाचं आता. मावशींची सेवा फाटकाच्या अलीकडे पन्नास पावलांवर संपल्यासारखी होते, कारण तिथून पुढं पालकांचं राज्य. आपलंच मूल अगदी पायरीशी उतरवायचं म्हणून स्कूटर, कार, रिक्षा, सगळे फाटकात तोंड घालून उभे. उतरवून झालं की जागच्या जागी वळायचं. एखादी कार रिव्हर्स घेताना मागं दुसरीतलं पोर किती उंचीला येतं, कधी मोजून बघा. काचेच्या खाली येतं. शिवाय नववी-दहावीतली मुलं स्कूटरी घेऊन येतात ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर आईबापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते. पालकांच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे गंभीर झाले आणि खाली उतरल्यावर त्यातल्याच एकाच्या मुलाने गाडी सुरू केली.

त्याच बैठकीत मी विषय काढला. इटलीत बोल्झानो म्हणून गाव आहे, तिथं १९८९ पासून शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता थोडा वेळ गाड्यांना बंद करायची पद्धत आहे. मग लंडन, पॅरिसने उचललं. आमच्याकडे फाटकासमोरची गल्ली तशी दुसरीकडून वळसा घालून जाता येणारी, कुणाचं अडणार नाही. सगळे म्हणाले, रिक्षावाले ऐकणार नाहीत. झालं उलटंच. रिक्षावाले सगळ्यात आधी तयार झाले, कारण त्या गर्दीत त्यांचाच अर्धा तास जातो आणि पुढची वर्दी चुकते. ते आता देवळामागच्या मोकळ्या जागेत थांबतात, मुलं तिथून चालत येतात. अडून बसले ते स्वतःच्या गाडीतून येणारे. एकजण म्हणाले, आमच्या मुलाचं दप्तर जड आहे. दप्तर जड आहे हे खरं, त्याबद्दल वेगळं भांडायला मी तयार आहे, पण म्हणून फाटकात गाडी?

सेवेतल्या खोडी आता. दसऱ्याच्या लांब सुट्टीतही पूर्ण महिन्याचे पैसे घेतात. मे महिन्याचे घेत नाहीत, म्हणून वर्षाचा हिशेब बसतो, पण आधी सांगायला हवं होतं. पौष पौर्णिमेला मावशी आणि सून दोघी सौंदत्तीला यल्लम्माला गेल्या, निरोप आदल्या संध्याकाळी. गिरणी कोण उघडणार, मुलाला कोण सोडणार, माझी तारांबळ. दोघींपैकी एकीने मागं राहायला हवं, किंवा चार दिवस आधी सांगायला हवं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकूनही घेतलं. पावसाळ्यात छत्री चालत नाही, रेनकोटच पाहिजे. छत्रीने मुलाला बाजूचं दिसत नाही आणि दोरी धरायला हात उरत नाही, हे बरोबर आहे, पण बेळगावच्या जुलैत रेनकोटसुद्धा दुपारपर्यंत वाळत नाही. संध्याकाळी ओलाच घालून पोर येतं. यावर उपाय माझ्याकडेही नाही. आणि पहिलीच्या खालच्या मुलांना घेत नाहीत, मग कितीही गयावया करा.

दोरीला पाचपैकी साडेचार, सायकलच्या तुकडीला तीन, आणि मेन रोडला काही नाही.

नाव घालायचं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर मावशी बसतात, तिथं जा. पण एका दोरीला बाराच फास आहेत आणि त्या तेरावा शिवायला तयार नाहीत. दुसरी दोरी काढायची तर आणखी दोन बायका पाहिजेत. कुणाची नणंद, सासू सकाळ-संध्याकाळ तासभर मोकळी असेल तर सांगा, फुकट राबवत नाहीत, फीमधला वाटा देतात. मात्र पाटी लगेच हातात मिळत नाही. आधी पंधरा दिवस सायकल दुकानाच्या पायरीवर उभं करून नुसत्या गाड्या बघायला लावतात.